चिंचेनं घासलेला पैसा

शहापूर-मुरबाडकडच्या गावांत जुनं नाणं हाताला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती वर्षांचं असंल?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा : "मग लाखाला जाईल का?" वय आणि किंमत यांची गाठ लोकांनी मनात इतकी घट्ट मारली आहे की नाण्याची अवस्था काय, हे कोणी पाहतच नाही. नाण्याच्या बाजारात खरा निवाडा मात्र तिथंच होतो.

वयाचं आधी सांगून टाकतो. मुरबाडहून माळशेजच्या वाटेवर वैशाखरे लागतं. तिथून नाणेघाटाची चढण सुरू होते. वर खिंडीत दगडी रांजण आहे. जकातीचा रांजण म्हणून तो ओळखला जातो. शेजारच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे आणि त्यात यज्ञांच्या दक्षिणेचा हिशेब हजारो कार्षापणांत दिला आहे. म्हणजे या वाटेवर नाणं खुळखुळत होतं त्याला दोन हजार वर्षं झाली. त्या सातवाहनांचं तांब्याचं किंवा शिशाचं लहानसं नाणं आज नाणीविक्रेत्याकडे काहीशे रुपयांत मिळतं. उलट १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया घ्या. अजून शंभरी न गाठलेलं नाणं, पण चांगल्या अवस्थेत असेल तर लिलावात बोली लाखांत जाते, कारण त्या सालचे रुपये फारच थोडे बाहेर आले. (म्हणूनच १९३८ मधला ८ कोरून ९ केलेले रुपयेही बाजारात फिरतात. त्या शेवटच्या आकड्याकडे भिंग लावून पाहावं.) नाणं किती उरलं आहे, कोणाला हवं आहे आणि कसं राहिलं आहे, एवढ्या तीन गोष्टींवर भाव ठरतो. पहिल्या दोन तुमच्या हातात नसतात, तिसरी असते.

आपल्याकडच्या घरांत निघणारी बहुतेक नाणी स्वस्त असतात, हे आधीच मान्य करावं. देव्हाऱ्यातल्या डबीत, तांदळाच्या कणगीत, म्हातारीच्या बटव्यात किंवा नांगराच्या फाळाला लागून जे वर येतं त्यात बहुधा राणीछाप तांब्याचा पैसा, भोकाचा पैसा, एखादी शिवराई आणि नशीब असेल तर चांदीचा बंदा रुपया. मला लिहायचं आहे ते या स्वस्त नाण्यांबद्दलच. महाग नाण्याला राखणारे पुष्कळ असतात. शंभर रुपयांचं नाणं कोणी राखत नाही आणि आपल्या भागाचा इतिहास त्याच नाण्यांत आहे.

तांब्याच्या पैशापासून सुरुवात करू. राणीच्या मुकुटधारी चेहऱ्याचा, १८६२ पासूनचा पाव आणा. रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे, म्हणजे हा चौसष्टावा हिस्सा. नवा असताना त्याचं वजन ६.४७ ग्रॅम. सोनाराचा छोटा वजनकाटा आता हजार रुपयांच्या आत मिळतो, तो घ्यावा. पैसा ६.३ ग्रॅम भरला तर झीज कमी, ५.८ भरला तर तो बाजारातून पुष्कळ फिरला आहे. पण वजन ही फक्त तोंडओळख. पुढचं काम डोळ्यांचं.

खिडकीजवळ बसा. बल्ब नको, दिवसाचा उजेड घ्या आणि तोही एका बाजूनं येणारा. नाणं दोन बोटांत कडेनं धरा, तळवा पृष्ठभागाला लागू देऊ नका आणि सावकाश कलतं करा. नाण्याचा सगळ्यात उंच भाग आधी झिजतो. राणीच्या पैशावर कानावरचे केस, गाल, मुकुटाची पट्टी आणि खांद्यावरच्या वस्त्राची नक्षी हे ते उंचवटे. केसांच्या बटा वेगवेगळ्या मोजता येत असतील आणि मुकुटातले खडे सुटे दिसत असतील तर नाणं उत्तम. केसांचा एकच सपाट पट्टा झाला असेल, पण चेहरा, अक्षरं आणि साल स्वच्छ असेल तर मध्यम. चेहऱ्याची नुसती बाह्यरेषा उरली असेल आणि साल बोटानं चाचपून ओळखावं लागत असेल तर ते भरतीचं नाणं. संग्राहक यांनाच 'एक्स्ट्रा फाईन', 'व्हेरी फाईन', 'फाईन' वगैरे म्हणतात आणि अजिबात न वापरलेल्या कोऱ्या नाण्याला 'यूएनसी'. सातव्या एडवर्डच्या रुपयावर मुकुट नाही, राजा उघड्या डोक्याचा आहे. तिथं भुवई, कान आणि कानावरचे केस पाहायचे. प्रत्येक राजाच्या झिजण्याच्या जागा वेगळ्या, एवढं ध्यानात ठेवलं की निम्मं शिक्षण झालं.

आता दोन पैसे शेजारी ठेवून बघू. दोन्ही एकाच सालचे, दोन्हींचा उठाव जवळपास सारखा. पहिला गडद तपकिरी, खोलगट जागी जवळजवळ काळा, उंचवट्यावर थोडा फिका. पोत सगळीकडे एकसारखा. दुसरा लखलखीत, गुलाबी-नारिंगी. घरातल्या माणसाला दुसरा आवडतो. "केवढा नवाकोरा ठेवलाय बघा!" पण तो कलता करून बघितला की एका दिशेनं गेलेल्या बारीक रेघा दिसतात, अक्षरांच्या आडोशाला चिंचेचा नाहीतर पितांबरीचा पांढुरका मळ साचलेला दिसतो आणि चकाकी नाण्याबरोबर फिरत नाही. टांकसाळीतून आलेल्या नाण्याची झळाळी कलतं करताना चक्राच्या आऱ्यांसारखी गोल फिरते. घासलेल्याची चमक एकाच जागी बसून राहते. तो तपकिरी थर म्हणजे घाण नसते. तांब्यानं दीडशे वर्षांत हवेशी जुळवून घेताना स्वतःवर चढवलेलं ते कवच आहे. ते एकदा उतरलं की परत बसत नाही. मध्यम अवस्थेतला राणीचा साधा पैसा पन्नास-शंभर रुपयांना जात असेल तर घासलेल्याला संग्राहक हात लावत नाही. तो मोडीच्या डब्यात जातो.

दर दिवाळीला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, घरोघर हेच होतं. देवाच्या तांब्या-पळीबरोबर डबीतली नाणीही चिंच, मीठ, रांगोळी आणि काथ्यानं घासली जातात. त्यात भक्ती आहे, स्वच्छता आहे, आणि आयुष्यभर हे केलेल्या आजीला दोष देण्याचं मला कारण दिसत नाही. पण पन्नास दिवाळ्या अशा गेल्या की राणीचं नाक जातं, मग साल जातं, मग चकती उरते. माझ्या पाहण्यात या भागातली जितकी नाणी मातीत खराब झाली असतील त्याहून जास्त देव्हाऱ्यात झाली आहेत.

हिरव्या रंगाबद्दल मात्र सावध राहावं. गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवा थर असेल तर तो स्थिर असतो, त्याला हात लावू नये. फिकट हिरवी भुकटी, नखानं झडणारी, टिपक्याटिपक्यांनी आलेली असेल तर तो जिवंत गंज आहे. ते नाणं आधी बाकीच्यांपासून वेगळं काढा आणि कोरडं ठेवा. भातखाचरात सापडणाऱ्या तांब्याला हे दुखणं हमखास जडतं, कारण आपल्याकडे चार महिने माती ओली असते. मऊ, चिकट प्लास्टिकच्या पाकिटात नाणी ठेवण्याची पद्धतही वाईट. त्या प्लास्टिकमधूनच काही वर्षांनी हिरवट ओशटपणा नाण्यावर उतरतो. साधा कागदी लिफाफा त्याहून बरा.

राणीच्या आधी कंपनीचा पैसा होता. त्याच्या एका बाजूला तराजू आणि दोन पारड्यांच्या मध्ये फारसी अक्षरांत 'अदल', म्हणजे न्याय. मुंबई इलाख्यासाठी १७९१ आणि १८०४ चे असे पैसे इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर पाडून जहाजानं आणले गेले. त्यानंतर १८३५ मध्ये सगळ्या कंपनी मुलखाला एकच चलन आलं. त्या सालचा पाव आणा इतका निघाला की आजही तो सर्वांत सहज मिळणाऱ्या जुन्या पैशांपैकी आहे. १८५५ मध्ये रेल्वे वासिंदला पोचली, १८६० मध्ये आसनगावला, १८६१ च्या पहिल्या दिवशी कसाऱ्याला आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून पलीकडे. भात, लाकूड, गवत रोखीनं मुंबईकडे जाऊ लागलं ते याच काळात. राणीच्या पहिल्या पैशांचं सालही १८६२. शहापूरच्या पट्ट्यात ते पैसे ठायीठायी निघतात याचं नवल वाटायला नको.

हाच पैसा पुढं कसा हलका होत गेला तेही काट्यावर दिसतं. एडवर्डच्या काळात, १९०६ पासून तांब्याऐवजी काशाचा झाला आणि वजन ४.८६ ग्रॅमवर आलं. दुसऱ्या महायुद्धात धातूची चणचण भासली आणि १९४३ मध्ये मधोमध भोक पाडलेला पैसा निघाला. त्याचं वजन १.९४ ग्रॅम, म्हणजे राणीच्या पैशाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. १९४७ पर्यंत तो निघत राहिला. म्हाताऱ्या माणसांना तो चांगला आठवतो, कारण पोरांच्या करदोट्यात ओवलेला असे. दहा-वीस रुपयांना आज कोणीही देईल. किंमत नाही म्हणून टाकू मात्र नका. महायुद्ध आदिवासी पाड्यापर्यंत पोचलं त्याची ही खूण आहे, आणि दहा रुपयांत कुठल्या वस्तुसंग्रहालयाला ती विकत घेता येणार नाही अशी ती तुमच्या घरची असते.

चांदीकडे येऊ. मुरबाडच्या पेठेत सोन्याचांदीच्या एका दुकानात एक आजी रुपयांची माळ घेऊन बसल्या होत्या. नातीचं लग्न होतं, माळ मोडून पैंजण करायचे होते. दुकानदारानं माळ काट्यावर टाकली आणि म्हणाला, "आजी, कडीचं डाग वजा करून धरतो." आजी म्हणाल्या, "कर बाबा, पर एक रुपया मला सोडवून दे, देवाला राहू दे." माळेतले बरेच रुपये पाचव्या जॉर्जचे होते, १९१६, १९१८, १९१९ असे. वरच्या कडेला प्रत्येकाला कडी जोडलेली.

या रुपयांचा हिशेब सोपा आहे. बंदा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळा. त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे १०.६९ ग्रॅम शुद्ध. त्या दिवशीचा चांदीचा भाव ग्रॅमला जो असेल त्याला १०.६९ नं गुणा. साध्या सालच्या, झिजलेल्या किंवा कडी लावलेल्या रुपयाची किंमत त्याच्याच आसपास राहणार. १९४० पासून १९४५ पर्यंतच्या रुपयात निम्मीच चांदी, ५.८३ ग्रॅम. दिसायला दोन्ही सारखे, म्हणून मोडताना ढीग वेगळे करून घ्यावेत. कडी जोडताना कडेवर दिलेला डाग, सराफानं खरेपणा तपासण्यासाठी मारलेले ठोके, भोक पाडून बुजवलेली जागा यांतलं काहीही असलं की संग्राहकाच्या लेखी तो रुपया चांदीच्या भावाचा. कडी काढून कड घासून घेतली तरी भिंगाखाली दाते मोडलेले दिसतात.

पण १९१८ च्या त्या रुपयामागं केवढी कथा आहे! पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकार हिंदुस्थानातून धान्य, ताग, कातडी उचलत होतं आणि त्याचे पैसे चांदीच्या रुपयांत द्यावे लागत होते. लोक रुपया हातात आला की पुरून ठेवत. ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची कागदी नोट काढली गेली, पुढं अडीच रुपयांचीही, पण गावाचा कागदावर विश्वास नव्हता. १९१८ मध्ये नोटा घेऊन चांदी मागणाऱ्यांची रीघ लागली. तेव्हा अमेरिकेनं पिटमन कायदा केला, तिजोरीतले पंचवीस कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले आणि सुमारे वीस कोटी औंस चांदी ब्रिटनला विकली, ती हिंदुस्थानासाठी. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत त्या चांदीचे रुपये पडले. सह्याद्रीच्या पायथ्याच्या बाईच्या गळ्यात अमेरिकेतल्या खाणींची चांदी अशी आली. आणि ते रुपये इतक्या प्रचंड संख्येनं पडले, म्हणूनच आज ते स्वस्त आहेत.

घरातला रुपया लोहचुंबकाला चिकटला की "खोटा आहे" म्हणून फेकून देतात, त्याबद्दलही सांगायला हवं. चांदी आणि तांबं चुंबकाला लागत नाही हे खरं. पण १९४७ चा रुपया निकेलचा आहे, मागं वाघ आहे, आणि निकेल चुंबकाला घट्ट चिकटतो. तो चिकटला तरच खरा. ओतीव खोटे रुपये ओळखायचे ते वजनावरून, अक्षरांच्या बोथटपणावरून, पृष्ठभागावरच्या सुईच्या टोकाएवढ्या खड्ड्यांवरून आणि कडेवर फिरलेल्या सांध्याच्या रेघेवरून.

शिवराईला ही सगळी मोजमापं वेगळी लावावी लागतात. माहुलीच्या पायथ्याच्या गावांत शिवराईचं नाव काढलं की आवाज बदलतो आणि ते साहजिकच आहे. १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाहीची शेवटची झुंज दिली ती याच माहुलीवर. पुढं पुरंदरच्या तहात १६६५ ला हा गड मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये तो परत स्वराज्यात आला. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर तांब्याची शिवराई निघाली. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसरीकडे दोन ओळींत 'छत्र पति', भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. पण हीच अक्षरं सातारकर छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही शंभर-सव्वाशे वर्षं चालू राहिली आणि इंग्रजी अंमलातही लोक शिवराईनं व्यवहार करत. या नंतरच्या नाण्यांत 'छत्र' आणि 'पति' यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असतात, तीच दुदांडी शिवराई. ती साधारण ८ ते १० ग्रॅम भरते, सुरुवातीची शिवराई ११ ते १३ ग्रॅम. जत्रेतल्या पथारीवर प्रत्येक दुदांडी "महाराजांच्या हातची" म्हणून विकली जाते. ती तशी नाही, हे विकत घेणाऱ्याला समजलं पाहिजे. साधी दुदांडी शे-दोनशे रुपयांच्या आसपास मिळते आणि तेवढीच तिची किंमत योग्य आहे.

हातानं पाडलेल्या नाण्यात झीज आणि छाप या दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. लोहार तांब्याचा तुकडा खालच्या ठशावर ठेवून वरून घण घाली. ठसा मोठा, तुकडा लहान, त्यामुळे अर्धी अक्षरं तुकड्याबाहेर जात. 'राजा'तला 'रा' दिसत नाही म्हणून नाणं झिजलेलं ठरत नाही. तो कधी उमटलाच नव्हता. जी अक्षरं आहेत त्यांच्या कडा उभ्या आणि टोकदार असतील तर नाणं चांगलं. नाण्याची कड वेडीवाकडी, कुठं तडकलेली असणं हाही दोष नव्हे, घणाखाली तांबं तसंच फाकतं. उलट अगदी गोल, सगळी अक्षरं बरोबर मधोमध बसलेली आणि साच्यातून काढल्यासारखी गुळगुळीत शिवराई समोर आली तर हात आखडता घ्या.

याहून वाईट माल दुसरा आहे. रामदरबार, हनुमान किंवा कमळ आणि दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी', 'यूकेएल वन आणा', साल १६१६, १७१७ नाहीतर १८१८, असा पितळी-तांबडा तुकडा तुम्हाला कोणीतरी दाखवलाच असेल. कंपनीनं असे आणे कधीही पाडले नाहीत. हे अलीकडचे बनावटी शिक्के आहेत. त्यांवर माणसं लाख-लाख रुपये मागतात, आणि दुःखाची गोष्ट म्हणजे कर्ज काढून घेणारेही भेटतात. तांदूळ ओढून घेणाऱ्या 'राईस पुलर' भांड्याची आणि नाण्याची फसवणूक याच जातीची. दुसरा प्रकार फोनवरचा. तुमच्याकडच्या पाच रुपयांच्या नाण्याला पाच लाख देतो, आधी कर आणि कमिशन भरा. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं की बँक असे व्यवहार करत नाही, कमिशन मागत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. जो विकत घेणारा तुमच्याकडूनच पैसे मागतो तो विकत घेणारा नसतो. शहापूर काय, मुरबाड काय, पोरांच्या हातात फोन आले आणि हे लोण पाड्यापाड्यावर गेलं. शाळेच्या मास्तरांनी एक तास यावर खर्च करावा, इतकं ते गंभीर आहे.

म्हशाच्या जत्रेत, पौष पौर्णिमेला, बैलबाजारात माणूस बैलाचे दात बघतो, खूर उचलतो, चालवून बघतो आणि मगच बोलतो. नाणं घेताना तोच माणूस नुसत्या गोष्टीवर पैसे मोजतो. ही पारख आपल्या लोकांत मुळातच आहे. तिला नाण्यापुरतं वळण द्यायचं आहे एवढंच.

आता कायद्याचं. जमिनीत दहा रुपयांहून जास्त मोलाचं पुरलेलं धन सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मूळ मालक निघाला नाही तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचं आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचं, अशी वाटणी त्यात आहे. सरकारला ठेवायचं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. सोन्याच्या हंडीला हे परवडतं. तांब्याच्या शंभर शिवरायांची हंडी लागली तर धातूचे पैसे ते किती येणार? म्हणून माणूस बोलत नाही, हंडी रातोरात भंगारात किंवा पाच जणांत वाटली जाते आणि एकत्र सापडलेल्या नाण्यांतून जे कळलं असतं ते कायमचं जातं. दीडशे वर्षांपूर्वीची ही तरतूद बदलून ऐतिहासिक मोलावर मोबदला द्यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं आणि देशाबाहेर पाठवता येत नाही, हेही परदेशातल्या नातेवाइकांना सांगून ठेवावं.

एकत्र सापडलेल्या नाण्यांतून काय कळतं याचा मोठा दाखला शेजारच्या नाशिक जिल्ह्यात आहे. १९०६ मध्ये जोगलटेंभी इथं तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली, क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला होता. कोणी कोणाला हरवलं हे त्या ढिगानं सिद्ध केलं. त्यांतलं एकेक नाणं वेगळं विकलं गेलं असतं तर दोन छाप पडलेलं खराब नाणं म्हणून त्याची किंमत कमीच धरली असती.

म्हणून दिवाळीत ही डबी उघडणाऱ्यांना एवढीच विनंती. नाणी पूजेत जरूर ठेवा, हळदकुंकू शेजारच्या तांदळावर वाहा आणि चिंच-पितांबरी भांड्यांपुरती राहू द्या. धूळ असेल तर मऊ कोरड्या कापडानं नुसती टिपा. प्रत्येक नाण्याला एक कागदी लिफाफा करा आणि त्यावर पेन्सिलीनं लिहा : वजन, साल, कोणाकडून आलं, कुठल्या गावच्या कुठल्या शेतात सापडलं. आजी आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. शेतात एकाहून जास्त नाणी एकत्र लागली तर ती न धुता, न वाटता तलाठ्याला कळवा. ओळखायचं असेल तर मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाणे-संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. आसनगावहून किंवा कसाऱ्याहून दोन्हीकडे सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं.